भयाचा व्यापार

माणसाला भिवविण्याचे पैसे घ्यावेत की नाही, हा प्रश्न वरवर पाहता पोरकट वाटण्याजोगा आहे. हसविणाऱ्याने पैसे घेतले तर कोणी हरकत घेत नाही. रडविणाऱ्याला तर आपण टाळ्या देतो आणि वर पारितोषिकही देतो. मग भय विकणाराकडेच आपण संशयाने का पाहावे? तरीही आपण पाहतो. भुताखेतांचे चित्रपट काढणाऱ्याला सिनेमाच्या पंगतीतही अगदी टोकाचे पान मिळते. नारायण धारपांची (१९२५–२००८) पुस्तके वाचनालयांतून खिळखिळी होईपर्यंत वाचली गेली; पण त्यांच्या हयातीत जाणत्या समीक्षकांनी त्यांच्याकडे फारसे वळून पाहिले नाही. २०१८ साली ‘तुंबाड’ हा चित्रपट त्यांच्या कथेवरून सुचला असे कळल्यावर पुष्कळांना त्यांची नव्याने आठवण झाली.

आमच्या शाळेत विज्ञान शिकविणारे माझे एक सहकारी ह्या बाबतीत फार कडक आहेत. मधल्या सुट्टीत एकदा ते मला म्हणाले, “सर, गांजा विकणारा निदान लपून तरी विकतो. हे लोक भिंतीवर चित्रे चिकटवून विकतात.” त्यांचे म्हणणे असे, की ज्या मुलखात माणसे अजून ताप आला तरी आधी अंगारा शोधतात, तेथे भुताचा चित्रपट दाखविणे हा साधा करमणुकीचा धंदा नव्हे, तो अपराध आहे. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, आणि माझ्या कादंबऱ्यांत पडके वाडे आणि आटलेल्या विहिरी पुष्कळ आहेत. त्यामुळे त्यांचा बाण कोणत्या दिशेने चालला होता, हे मला कळत होते. परंतु मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. आणि जे उत्तर आज सुचते आहे ते त्यांना वा मला पूर्णपणे सुखाचे नाही.

प्रथम हा धंदा करणारी माणसे कोण होती ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे ह्यातले सर्वांत नामांकित घर म्हणजे मुंबईचे रामसे बंधू. त्यांचे वडील फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. इंग्रज गिऱ्हाइकांच्या जिभेला ‘रामसिंघानी’ झेपेना, म्हणून त्याचे ‘रामसे’ झाले. फाळणीनंतर हे कुटुंब मुंबईत आले, आणि पुढे वडील चित्रपटनिर्मितीत शिरले. ‘शहीद-ए-आझम भगतसिंग’ (१९५४), ‘रुस्तम सोहराब’ (१९६३) असे त्यांचे पहिले चित्रपट. त्यांत भुताचा मागमूसही नव्हता. १९७० साली त्यांचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला. त्यात पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा घालून वस्तुसंग्रहालयात चोरीला शिरतात असा एक प्रसंग होता. मुलांनी थेटरात बसून पाहिले, की बाकीच्या चित्रपटाला कंटाळलेले प्रेक्षक तेवढ्या प्रसंगाला मात्र सावरून बसतात. घर कर्जात होते. मुलांनी वडिलांना सांगितले, की आपण तेवढेच विकू या.

सात भाऊ होते. कुमार लिहीत, गंगू कॅमेरा चालवीत, किरण ध्वनीचे पाहत, अर्जुन संकलन करीत, केशू निर्मितीची धावपळ सांभाळत, आणि तुलसी व श्याम दिग्दर्शन करीत. चित्रपटकला त्यांनी कोणत्या संस्थेत शिकली नव्हती; जोसेफ मॅसेली या अमेरिकन छायालेखकाचे एक पाठ्यपुस्तक सर्वांनी मिळून वाचले, हेच त्यांचे विद्यापीठ. १९७२ चा ‘दो गज जमीन के नीचे’ त्यांनी महाबळेश्वरला काढला. नट, तंत्रज्ञ, सामान आणि घरची माणसे एका बसमधून गेली; सरकारी विश्रामगृहात उतरली; घरच्या बायकांनी सर्वांचा स्वयंपाक केला. खर्च साडेतीन लाखांच्या आसपास. त्या काळच्या मोठ्या हिंदी चित्रपटात तेवढा पैसा एकट्या नायकावर उडत असे. पुढे ‘दरवाजा’ (१९७८), ‘पुराना मंदिर’ (१९८४), ‘वीराना’ (१९८८), ‘बंद दरवाजा’ (१९९०) असे चित्रपट आले. १९९३ पासून दूरचित्रवाणीवर त्यांची भयमालिकाही आली. ‘पुराना मंदिर’मधला सामरी ज्यांनी उभा केला ते अनिरुद्ध अग्रवाल हे शिक्षणाने इंजिनिअर. त्यांची उंची आणि चेहऱ्याची ठेवण हेच निम्मे भूत होते. उरलेले निम्मे रंगभूषाकाराने केले.

मोठ्या शहरांतल्या चांगल्या थेटरांनी ह्या चित्रपटांना फारसे जवळ केले नाही. ते चालले आमच्यासारख्यांच्या गावी. जालना जिल्ह्यातल्या लहान गावांना तेव्हा थेटर कुठले? जत्रेला तंबू येई. ट्रकमधून यंत्र उतरे, जनरेटर धडधडू लागे, आणि प्रेक्षक जमिनीवर मांडी घालून बसत. १९९० च्या सुमारास, दहा वर्षांचा असताना, मी अशाच एका तंबूत ‘पुराना मंदिर’ पाहिला. सामरीची छाया भिंतीवर चढली की पुढच्या रांगेतली बारकी पोरे एकमेकांच्या मांडीत शिरत, आणि मागून कोणी तरी दांडगा पोरगा मुद्दाम किंचाळे. मग सगळा तंबू हसे. रीळ बदलताना दिवा लागे, आणि जो तो शेजाऱ्याकडे पाहून आपण भ्यालो नव्हतो असे दाखवी. घरी जाताना मात्र कोणी एकटे जात नसे.

आता इंग्लंडकडे वळतो, कारण ह्या जातीच्या चित्रपटाचे जे वळण रामसे बंधूंनी गिरविले ते बरेचसे तिकडचे आहे. लंडनच्या पश्चिमेला, थेम्स नदीच्या काठी ब्रे गावाजवळ एक जुना वाडा होता. त्यात हॅमर नावाच्या लहानशा कंपनीने स्टुडिओ थाटला. ‘कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९५७) आणि ‘ड्रॅक्युला’ (१९५८) हे तिचे दोन चित्रपट जगभर गाजले. दिग्दर्शक टेरन्स फिशर आधी व्यापारी जहाजांवर होते, नंतर संकलक झाले. चाळिशी ओलांडल्यावर त्यांना पहिला चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाला. पीटर कुशिंग आणि ख्रिस्तोफर ली हे दोन नट तेव्हा सिनेमात कोणी बडे नव्हते. नेपथ्यकार बर्नार्ड रॉबिन्सन यांचे कौशल्य असे, की आजच्या किल्ल्याचा दिवाणखाना उद्या मठ होई आणि परवा खाणावळ होई. १९६५ साली तर एकाच नेपथ्यावर, जुजबी फेरफार करून, लागोपाठ दोन-दोन चित्रपट उरकले गेले. समीक्षकांनी नाके मुरडली. १९६८ साली मात्र, परदेशांतून पैसा मिळवून दिल्याबद्दल, ह्याच कंपनीला राणीच्या नावाचा उद्योग-पुरस्कार देण्यात आला.

ह्या दोन्ही घरांकडे पाहिले म्हणजे पहिली गोष्ट ध्यानात येते ती ही, की ही माणसे कष्टाळू होती. कमी पैशात, कमी दिवसांत, ठरल्या वेळी काम पुरे करणारी. आमच्याकडे जो गवंडी जुन्या वाड्याच्या विटा निवडून, घासून नवी भिंत उभी करतो, त्याला आपण हलका म्हणत नाही. स्वस्तपणा हा दोष नव्हे. उलट, बडा चित्रपट पुष्कळदा आपल्या खर्चाचीच प्रौढी विकत असतो. ह्यांच्यापाशी तसली प्रौढी नव्हती. त्यांना फक्त तुम्हांला भिववायचे होते, आणि ते तसे भिंतीवर लिहून सांगत.

ह्या उघडपणात मला ह्या धंद्याची सचोटी दिसते. तिकीट काढणारा आणि तिकीट देणारा यांच्यात एक करार असतो: तू मला दोन-अडीच तास भिवव, त्यानंतर दिवे लागतील आणि मी घरी जाईन. ह्याच्या उलट मांत्रिकाचा धंदा पाहा. तोही भयच विकतो. पण तो तिकीट देत नाही, वेळ सांगत नाही, आणि दिवे कधी लावीत नाही. ज्याच्यापाशी एकदा भय विकत घेतले त्याच्याकडे उताऱ्यासाठी पुन्हा पुन्हा जावे लागते. नारळापासून सुरुवात होते, कोंबड्यावर जाते, आणि शेवटी बाईच्या अंगावरच्या डोरल्यापर्यंत पोहोचते. मराठवाड्यात भानामतीच्या धाकाने कितीतरी घरे अशी खंगली आहेत. रामसे बंधूंच्या तिकिटाने कोणाचे डोरले गेले नाही. तेव्हा गांजावाल्याची उपमा देणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी एवढे तरी नक्की सांगू शकतो, की खोटे आहे असे सांगून दाखविलेले भय आणि खरे आहे असे सांगून गळी उतरविलेले भय हे दोन वेगळे माल आहेत.

इथे थांबता आले असते तर बरे झाले असते. पण करार दोघांनाही सारखा कळला पाहिजे, तरच तो करार. दिवे लागल्यावर भय तंबूतच राहील, असे कोणी ठरविले?

आमच्या शाळेच्या पलीकडे, वस्तीच्या टोकाला एक म्हातारी विधवा राहते. तिला मूलबाळ नाही. पूर्वी ती शाळेच्या हापशावर पाण्याला येत असे. काही वर्षांपूर्वी सातवीच्या काही मुलांनी तिचे नाव ‘नकिता’ ठेवले. नकिता ही ‘वीराना’मधली चेटकीण. मुलांच्या जन्माआधीचा चित्रपट. पण मोबाइलवर आता सगळेच दिसते. नावापाठोपाठ खडे आले. मी मुलांना बसवून विचारले, त्या आजीने तुमचे काय केले? कोणालाच काही सांगता येईना. शेवटी एकजण म्हणाला, “सर, ती रातच्याला पान्याला जाती. चांगली बाई रातच्याला कशाला जाईल?” ती रात्री का जाऊ लागली, हे त्याला ठाऊक होते, खडे मारणारांत तो होता. दिवसा खडे पडतात म्हणून ती रात्री जाते, आणि रात्री जाते म्हणून ती चेटकीण ठरते! अशा वर्तुळातून माणसाने बाहेर कसे पडावे?

ह्यानंतर मी ‘वीराना’ची कथा नीट तपासून पाहिली. त्यात गावातल्या ठाकुराचा भाऊ नकिता नावाच्या चेटकिणीला पकडतो आणि तिला फासावर चढविण्यात येते. मग एक बाबा तिचा आत्मा ठाकुराच्या लहान मुलीच्या देहात घालतो, आणि पुढचे सर्व अनर्थ घडतात. आता रामसे बंधूंच्या बाजूने हे मान्य केले पाहिजे, की त्यांनी बाबाला साधुपुरुष केलेला नाही. तो खलनायकच आहे. पण माझी अडचण नेमकी इथेच आहे. त्यांचा बाबा दुष्ट आहे, परंतु खोटा नाही. त्याची विद्या चालते. आत्मा खरोखर एका देहातून दुसऱ्यात जातो. ज्या बाईला फाशी दिली ती खरोखर चेटकीण असते. म्हणजे चित्रपट गावकऱ्यांना सांगतो, की तुमच्या हातून चूक झाली नाही. फक्त उपाय पुरा पडला नाही. बाबा वाईट असतो एवढे आमच्या लोकांना ठाऊकच आहे. त्याच्या हातात काही नसते, हे त्यांना कोणीच सांगत नाही. आणि हेच सांगण्याची तर गरज आहे.

कोणी म्हणेल, हॅमरचा ड्रॅक्युलाही ‘खरा’च आहे, क्रूस दाखविला की तोही मागे हटतो. मग इंग्लंडात ह्या चित्रपटांनी कोणाचे वाईट का केले नाही? ह्याचे उत्तर चित्रपटात नसून कायद्याच्या पुस्तकात आहे. इंग्लंडच्या संसदेने १७३५ साली चेटकाचे जुने कायदे रद्द करून नवा कायदा केला. त्याने चेटूक करणे हा गुन्हा राहिला नाही. आपल्याला चेटूक येते असे सांगून लोकांना फसविणे हा गुन्हा झाला. ड्रॅक्युला पडद्यावर आला तो त्यानंतर दोनशेवीसहून अधिक वर्षांनी. तोवर शाळा, दवाखाने आणि न्यायालये यांनी भुताची खोली बरीचशी रिकामी केली होती. रिकाम्या खोलीत खेळायला हरकत नसते. आमच्याकडे क्रम उलटा झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली १९८९ साली, म्हणजे ‘वीराना’नंतर एक वर्षाने. जादूटोणाविरोधी कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. अमुक माणूस करणी करतो, जनावराचे दूध आटवतो, असे जाहीर करून त्याला छळणे हा आता ह्या राज्यात गुन्हा आहे. आमच्या खोलीतले भाडेकरू अजून बाहेर पडायचे होते, आणि खेळ आधीच सुरू झाला होता.

पण इंग्लंडातल्याच एका तरुणाने ह्याच स्वस्त चित्रपटाच्या कुळात राहून दुसरी वाट दाखविली. मायकेल रीव्ह्ज त्याचे नाव. हॅमरशी स्पर्धा करणाऱ्या टायगन नावाच्या लहान कंपनीसाठी त्याने १९६८ साली ‘विचफाइंडर जनरल’ काढला. मॅथ्यू हॉपकिन्स हा इतिहासातला खराखुरा माणूस. इंग्लंडच्या यादवी युद्धाच्या धामधुमीत, १६४५ च्या सुमारास, तो गावोगाव हिंडून चेटकिणी ‘शोधून’ देत असे आणि गावांकडून त्याचे पैसे घेत असे. चित्रपट सुरू होतो तो टेकडीवर एका बाईला ओढीत नेऊन फाशी देतात ह्या दृश्याने. सबंध चित्रपटात भूत नाही. आत्मा ह्या देहातून त्या देहात जात नाही. आहेत ती फक्त माणसे: पैसे घेणारा एक, आणि पाहत उभे राहिलेले पुष्कळ. रक्त त्यात कमी नाही. तेही तिकीट विकण्यासाठीच होते. परंतु प्रेक्षक भितो तो फासावर गेलेल्या बाईला नव्हे. तिला तेथवर नेणाऱ्यांना. रीव्ह्ज १९६९ साली, अवघ्या पंचविसाव्या वर्षी वारला.

‘वीराना’तही बाईला फाशी आहे आणि ‘विचफाइंडर जनरल’मध्येही आहे. दोन्ही स्वस्त, दोन्ही धंद्यासाठी काढलेले, दोन्ही अंगावर काटा आणणारे. फरक एवढाच, की दिवे लागल्यावर प्रेक्षक कोणाकडे बोट दाखवीत घरी जातो. माझ्या मते ह्या व्यापाराची नीती इथे ठरते. किती भिवविले, किती पैशात भिवविले, रक्त खरे वाटले की रंगाचे, ह्यावर ती ठरत नाही.

आणि हे बोट आपल्याकडे वळते तेव्हा आपल्यालाही कळते. हॅमर कंपनीने १९५९ साली ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ नावाचा चित्रपट काढला. दिग्दर्शक तेच टेरन्स फिशर. विषय ठगांचा. नावात मुंबई असली तरी तो तयार झाला ब्रे येथल्या स्टुडिओत. त्यात कालीपूजकांचा टोळीबंद अघोरीपणा आहे, आणि त्याचा छडा लावणारा कंपनी सरकारचा गोरा कप्तान आहे. ठग इतिहासात होऊन गेले हे खरे. पण आपल्यापैकी कोणीही तो चित्रपट पाहिला तर म्हणेल, “अहो, आम्ही असे नाही.” भयाला चेहरा हवा होता, आणि तो दूरच्या, उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांचा घेतला गेला. आमच्या वस्तीच्या टोकावरची आजी तरी दुसरे काय म्हणेल? फक्त तिचे म्हणणे ऐकायला कोणी बसत नाही.

तेव्हा माझे सहकारी आणि मी यांच्यातला हिशेब मी असा मांडतो. भय विकणे हे पाप नाही. लहान मूल आजीच्या कुशीत शिरून “भुताची गोष्ट सांग” म्हणते, तेव्हा ते भय मागत असते आणि त्याबरोबर कूसही मागत असते. माणसाची ही जुनी भूक आहे, आणि ती भागविणाऱ्या कारागिरांना पंगतीच्या टोकाला बसविणे हा आपला ढोंगीपणा आहे. रामसे बंधूंपैकी तुलसी २०१८ साली, श्याम २०१९ साली आणि गंगू २०२४ साली गेले. ज्यांना कोणी करमणूक पुरवीत नव्हते अशा लाखो लोकांना त्यांनी जत्रेतल्या रात्री दिल्या. त्यांतली एक माझीही आहे, आणि ती मी परत करणार नाही. पण भयाला चेहरा देताना तो ज्याच्यापाशी आधीच काही नाही अशा माणसाचा उसना घेऊ नये. एकटी बाई, परक्या जातीचा पुजारी, अंगाने वाकडा माणूस, रानातला आदिवासी, हे चेहरे फार स्वस्तात मिळतात. ते परत करायला मात्र कोणी जात नाही. आणि जेथे लोक अजून भुताला भीत आहेत, तेथे मांत्रिकाला दुष्ट दाखवून भागत नाही. तो पोकळ आहे हेही दाखवावे लागते. हे करूनही माणसाला भिवविता येते, हे पंचविशीच्या आतल्या एका पोराने थोड्या पैशात सिद्ध केले आहे.

माझे सहकारी म्हणतील, हे सर्व ठीक. पण लिहिणाराला भीती विकायचीच असेल तर त्याने ती कोठून आणावी? मला वाटते, मालाची टंचाई नाही. आमच्या जिल्ह्यात सावकाराच्या ओसरीवर पुष्कळ भय आहे. तिसरे वर्ष कोरडे गेलेल्या विहिरीत आहे. पंचवीस माणसे एका दारासमोर जमतात आणि त्यांतला कोणीच पहिल्यांदा परत फिरत नाही, त्या शांततेत तर फारच आहे. ते लिहायला अवघड आहे, कारण त्या गर्दीतले चेहरे ओळखीचे असतात आणि पुस्तक छापून आल्यावर ते विचारायला येऊ शकतात.